बसस्टँडसमोरची गॅरेज लाईन

बसस्टँडसमोरच्या गॅरेजवाल्यांना सात दिवसांत जागा मोकळी करा अशी नोटीस लागलीय, ही बातमी तुम्ही वाचलीच असेल. मीच दिली होती, सहा ओळींची. पेपरात तेवढीच जागा होती. उरलेलं इथं लिहितो.

मी शाळेत असताना तिथं चार गॅरेज होती आणि प्रत्येकाची गाडी ठरलेली. कोपऱ्यावरचे मिस्त्री फक्त राजदूत घ्यायचे. आपल्याकडे दूधवाल्यांची गाडी तीच. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे चारला वाडीवस्तीवरून निघायची, आणि वाटेत बंद पडली तर दूध नासायचं. त्यामुळे मिस्त्री पहाटेच दुकान उघडून बसायचे. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघायचं, म्हणून मिस्त्रींचा हिशेबही दहा दिवसांनी. लाल वहीत नाव नसायचं, गाडीचा नंबर असायचा.

पलीकडे चाचा. त्यांच्याकडे जावा आणि येझदी. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीवर. किक मारून झाली की तीच दांडी पुढं वळवून गिअर टाकायचा, नवख्या माणसाची पार फजिती. 1996 मध्ये म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला, पण आपल्या गावात येझदी त्यानंतरही कितीतरी वर्षं पळत होत्या. पार्ट पुण्याच्या नाना पेठेतून एसटीच्या पार्सलनं यायचे. जे तिथंही मिळायचं नाही ते चाचा शेजारच्या लेथवर बसून बनवून घ्यायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. बेअरिंग गेलंय की पिस्टन वाजतोय, ते उठून सांगायचे. इंजिन न उघडता.

या लाईनीत किती पोरं तयार झाली ते मोजायला बसलो तर रात्र जाईल. दहावी नापास झालेलं पोरगं बाप इथं आणून सोडायचा. पहिलं वर्ष रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे, पंक्चर काढायचं आणि चहा आणायचा. दुसऱ्या वर्षी प्लग आणि पॉइंट. पगार म्हणजे जेवण आणि दिवाळीला कपडे. मारही खायचे, हे लपवण्यात अर्थ नाही. आज तालुक्यात जी गॅरेज आहेत त्यातली बरीचशी याच पोरांची.

गाड्या बदलल्या तशी ही माणसंही बदलली. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली, चार स्ट्रोकची. टू स्ट्रोकवर हात बसलेल्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतली. मग 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. आता कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून भागत नाही, स्कॅनर लागतो. चाचांच्या पुतण्यानं तो गेल्या वर्षी कर्ज काढून घेतलाय. हप्ते अजून चालू आहेत. कोपऱ्यावरचे मिस्त्री वारले, त्यांचं दुकान आता मावशी सांभाळतात. काम दोन पोरं करतात, पण कुठल्या गाडीला कुठली क्लच प्लेट हे मावशींना तोंडपाठ.

आता मुद्द्याचं. रस्ता रुंद व्हायला पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. संध्याकाळी तिथून एसटी वळवणं म्हणजे ड्रायव्हरची परीक्षा असते. गटारात ऑइल सोडतात ही तक्रारही खरी. पण 2014 चा पथविक्रेता कायदा फक्त भाजीवाल्यांसाठी नाही. रस्त्याकडेला तात्पुरत्या जागेत लोकांना सेवा देणाराही त्यात धरलाय. सर्वेक्षण पूर्ण करून प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला हटवायचं नाही, आणि प्रमाणपत्र असलेल्याला हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस, असं त्यात लिहिलंय. ज्यांनी पक्कं बांधकाम केलंय त्यांची गोष्ट वेगळी, त्यांची बाजू मी घेत नाही. पण पत्र्याच्या टपऱ्यांचं काय? सर्वेक्षण झालं तेव्हा या लाईनीत कुणी फिरकलं होतं का, हे मी नगरपरिषदेत विचारलं. यादीत हातगाड्या आहेत, फळवाले आहेत. गॅरेज एकही नाही. का, तर "ते विक्रेते नाहीत."

मग इतकी वर्षं पट्टी कशाची घेतली? मावशींनी पावत्या दाखवल्या. पिशवीभर आहेत. काहींवरची शाई उडालीय, पण शिक्का वाचता येतो.

नोटिशीची मुदत गुरुवारी संपतेय. बुधवारी सकाळी अकराला ही मंडळी मुख्याधिकाऱ्यांना भेटणार आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे या लाईनीचे जुने फोटो असतील, लग्नाच्या वरातीतले, गणपती मिरवणुकीतले, मागे दुकानं दिसतील असे, तर मंगळवारपर्यंत मला पाठवा. मागे तारीख लिहिलेली असेल तर फारच बरं.