विटा आणि पाटी

कर्जत व खालापूर या तालुक्यांतून आगगाडीनें जाणाऱ्यास भाताचीं हिरवीं खाचरें, बोरघाटाचा चढ आणि माथेरानची निळी रांग पाहून हा प्रांत सुखाचा असावा, असें वाटतें. डोंगराच्या पायथ्याशीं वसलेल्या कातकरी वाड्यांकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या अशाच वाडीवरील घरीं आम्ही अनेक वेळां गेलों आहों. त्या एका घराची हकीकत म्हणजे या प्रांताचा लहानसा इतिहासच होय.

कातकरी हें नांव काथावरून पडलें. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून व तें पाणी आटवून काथ करणें, हा या लोकांचा पिढीजात धंदा. १८५६ सालीं लोहमार्ग खोपोलीस पोहोंचला, १८६३ सालीं तो बोरघाट चढून गेला आणि १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलांची व्यवस्था दृढ झाली. रान परकें झालें, तसा धंदाही गेला. आमच्या विद्यार्थ्याचा पणजा कोळसा पाडूं लागला. आजा सावकाराच्या शेतावर राबला. १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें वीजगृह सुरू झालें व मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. या घरांत मात्र आज्याच्या हयातीपर्यंत चिमणीच जळत होती.

माथेरानचे भाई कोतवाल यांनीं या भागांतील गरिबांसाठीं धान्यकोठ्या काढल्या, त्या पावसाळ्यांत कोणास सावकाराचें दार ठोठवावें लागूं नये म्हणून. २ जानेवारी १९४३ रोजीं ते सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांनीं ज्या दुखण्यावर बोट ठेविलें होतें, तें या वाडीवर अद्यापि बरें झालेलें नाहीं.

आषाढ-श्रावणांत वाडीवर हाताला काम नसतें. मुलाची आई रानांतून कडूकंद आणते, उकळते आणि त्याचा कडूपणा जावा म्हणून वाहत्या पाण्यांत ठेविते. अशाच दिवसांत वीटभट्टीचा मुकादम उचल देण्यास येतो. उचल घेतली कीं दिवाळीनंतर सारें कुटुंब भट्टीवर जातें, तें मृगापूर्वीं परततें. हिशेबांत उचल फिटतेच असें नाहीं. बाकी पुढील सालावर चढते. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद झाली. परंतु उपाशी माणूस आपण होऊनच अंगठा उठवितो.

मिसर देशांत इस्राएल लोकांस विटा कराव्या लागल्या, ही कथा आम्ही वर्गांत सांगितली, तेव्हां हा मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, त्यांनीं उचल किती घेतली होती?” इतर मुलें हंसलीं, आम्हांस हंसूं आलें नाहीं.

गेल्या दिवाळींत बापानें मुलाचें नांव काढून नेण्याचें ठरविलें. त्याचा हिशेब सरळ होता: आणखी दोन हात, म्हणजे तितकी बाकी कमी. तेव्हां आई म्हणाली, “त्याला इथंच राहूं द्या. त्याच्या वांट्याच्या विटा मी थापीन.” मुलगा आमच्या वसतिगृहांत राहिला, परंतु धाकटें भावंड सांभाळावयास त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीस भट्टीवर जावें लागलें. एकाच्या पाटीची किंमत दुसऱ्याच्या पाटीनें चुकविली गेली.

ज्येष्ठांत ती परत आली. भावानें तिच्या इयत्तेचीं पुस्तकें जपून ठेविलीं होतीं. सुटींत ओटीवर बसवून तो तिला धडे वाचावयास लावी. ती अडखळे, पण उठत नसे.

विद्यार्थिमित्रहो, या मुलाच्या धैर्याचें कौतुक करून आपण मोकळे होऊं, तर तें पुरेसें नाहीं. त्या घराचा करार भट्टीवर होत नसून रिकाम्या मडक्यापाशीं होतो. म्हणून यंदां वसतिगृहांतील मुलांनीं रोज मूठभर तांदूळ बाजूस काढण्याचें ठरविलें आहे. ही कोठी लहान आहे. तरी मुकादमाच्या आधीं ती त्या दाराशीं पोहोंचावी, एवढीच आमची इच्छा व प्रार्थना आहे.