सव्वीस मिनिटांचा प्रवास

गेल्या वर्षीं भूगोलाच्या तासास आम्हीं आठवीच्या मुलांस एक उदाहरण घरीं करावयास दिलें होतें. लंडन व पॅरिस या दोन नगरांमधील सरळ अंतर सुमारें ३४४ किलोमीटर. विमान ताशीं ८०० किलोमीटर जात असेल, तर प्रवासास किती वेळ लागेल? उत्तर सोपें होतें: सुमारें २६ मिनिटें. एका मुलानें मात्र लिहिलें, "सव्वा तास." आम्हीं त्यावर तांबडी फुली मारली आणि खालीं शेरा लिहिला, "आधीं भागाकार शिका."

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा कांहीं न बोलतां एक कागद आमच्या टेबलावर ठेवून गेला. परदेशीं नोकरीस असलेल्या त्याच्या मामांनीं पाठविलेलें तें विमानांचें वेळापत्रक होतें. लंडनहून १० वाजतां निघालेलें विमान पॅरिसला सव्वाबारा वाजतां पोहोंचे. आणि पॅरिसहून १ वाजतां निघालेलें लंडनला सव्वा वाजतां! जावयास सव्वादोन तास आणि यावयास पाव तास? आम्हीं तें वाचून दाखवितांच वर्गांत हंशा पिकला. उत्तर मात्र आम्हांसही सुचेना.

त्या रात्रीं आम्ही नकाशे व पुस्तकें काढून बसलों. पहिला उलगडा घड्याळाचा झाला. पॅरिस हें लंडनच्या पूर्वेस अवघें सुमारें अडीच अंश. सूर्याच्या हिशेबानें फरक नऊ-दहा मिनिटांचाच. परंतु १९४० सालीं जर्मन सैन्यानें पॅरिस घेतलें, तेव्हां तेथील घड्याळें बर्लिनच्या वेळेस लावलीं, आणि युद्धानंतर फ्रान्समध्यें तीच वेळ कायम झाली. म्हणून पॅरिसचें घड्याळ आज लंडनच्या एक तास पुढें असतें. हा तास एकीकडे वजा व दुसरीकडे जमा केला कीं दोन्ही वेळां सव्वा तासच उरतो.

दुसरा उलगडा विमानाचा. वेळापत्रकांतील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून, उतरून पुन्हां जागेवर उभें राहीपर्यंतची असते. धांवपट्टी गांठणें, पाळीची वाट पाहणें, वर चढणें, वेग आवरीत उतरणें यांतच बराच काळ जातो. एवढ्या जवळच्या प्रवासांत पूर्ण वेगानें जाण्याचा वेळ थोडाच असतो.

आणखी एक मौज आढळली. २५ ऑगस्ट १९१९ रोजीं या नगरांमध्यें रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हां सुमारें अडीच तास लागत. १९९४ सालीं खुल्या झालेल्या समुद्राखालील बोगद्यांतून आतां आगगाडी सुमारें सव्वादोन तासांत एका नगराच्या मध्यांतून दुसऱ्याच्या मध्यांत जाते!

सकाळीं आम्हीं हें सर्व वर्गास सांगितलें व चूक कबूल केली. मग त्या मुलास विचारलें, "भागाकार केलाच नव्हतास काय?" तो हळूच म्हणाला, "केला होता, सर. २६ च आले होते. पण मामांना सव्वा तास लागला होता, म्हणून खोडलें." वही उजेडाकडे धरली, तों खोडलेला २६ चा आंकडा स्पष्ट दिसला. आम्हीं तो तपासतांना पाहिलाच नव्हता.

आमच्या शेऱ्याखालीं आम्हीं लिहिलें, "उत्तर योग्य; शेरा चुकीचा," आणि सही केली. पालकांस एवढीच विनंति कीं, मुलांच्या वहींत तांबडी फुली दिसली, तर रागावण्यापूर्वीं त्यांस एकदां विचारून पाहावें. चूक कधीं कधीं शिक्षकाचीही असते.