वीस यंत्रं, एक हार्डडिस्क

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेची संगणक खोली उघडते, तेव्हा कीबोर्डवर धुळीचा थर असतो आणि चार-पाच यंत्रं सुरूच होत नाहीत. शिक्षक दुरुस्तीवाल्याला फोन लावतात. तो तालुक्याच्या गावाहून मोटरसायकलवर येतो. पाठीवरच्या बॅगेत पेनड्राइव्ह, क्रिम्पिंगची पक्कड आणि रॅम पुसायला खोडरबर. निम्म्या वेळा दुखणं हार्डडिस्कचंच निघतं. डिस्कवर काही लिहिलं जात असताना लाइट गेली आणि लिहिणं अर्धवट राहिलं. मग फॉरमॅट मारा, विंडोज टाका, ड्रायव्हर शोधा. एक यंत्र झालं की शेजारचं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम 2001 मध्ये सुरू झाला आणि तालुक्याच्या गावांतही संगणकांच्या खोल्या उभ्या राहिल्या. यंत्रं आली, पण ती सांभाळणारी माणसं त्या प्रमाणात आली नाहीत. अशा खोल्यांमध्ये वर्षानुवर्षं राबलेल्या दुरुस्तीवाल्याच्या डोक्यात एखाद्या दिवशी सरळच विचार येतो: जी वस्तू सारखी बिघडते, ती यंत्रात ठेवायचीच कशाला?

विचार नवा नाही. 1980 च्या दशकात सन मायक्रोसिस्टम्ससारख्या कंपन्या डिस्क नसलेली वर्कस्टेशन विकत होत्या, कारण तेव्हा डिस्क फार महाग होती. एका मोठ्या डिस्कवर अनेकांचं भागत असे. स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनमधले जॉन गिलमोर यांनी 1985 मध्ये बूटपी हा नियम लिहिला, तो अशाच यंत्रांसाठी. पुढे त्यातून यंत्रांना पत्ते वाटणारा डीएचसीपी आला. इंटेलने 1990 च्या दशकाच्या शेवटी नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याचा पीएक्सई हा नमुना ठरवून दिला आणि हळूहळू साध्या लॅन कार्डातही ही सोय येऊ लागली. आज डिस्क स्वस्त आहे. महाग झाली आहे ती तिची देखभाल, आणि शाळेच्या लॅबचा हिशेब त्यावरच बसतो.

डिस्क नसलेलं यंत्र सुरू होतं तो क्षण बघण्यासारखा असतो. त्याला स्वतःबद्दल एवढंच ठाऊक असतं, की लॅन कार्डावर कारखान्यातच कोरलेला आपला 48 बिटांचा मॅक पत्ता काय आहे. तो घेऊन ते अख्ख्या नेटवर्कला हाक मारतं. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो, कोणत्या सर्व्हरकडे जायचं ते सांगतो आणि कोणती फाइल मागायची तिचं नाव देतो. ती छोटी फाइल टीएफटीपी या फायली पाठवण्याच्या साध्या नियमाने येते, तिच्यामागून प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल येतो आणि मग सर्व्हरवरची पूर्ण लिनक्स प्रणाली नेटवर्कवरूनच उघडते. मुलं जे बदल करतात, ते रॅममध्ये राहतात. वॉलपेपर बदला, सेटिंग बिघडवा. यंत्र बंद करून चालू केलं की सगळं जागच्या जागी. मुलांच्या फायली मात्र सर्व्हरवर त्यांच्या नावानं जपलेल्या असतात.

बीडच्या शिक्षकांना हे समजावताना खजाना विहिरीचं नाव घेतलं की काम सोपं होतं. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेल्या या विहिरीचं पाणी जमिनीखालच्या कालव्यांतून दूरच्या शेतांना पोचतं. प्रत्येक शेतात विहीर खणायची गरज नाही, पण मूळ विहीर आणि कालवे मात्र डोळ्यांत तेल घालून जपावे लागतात.

शाळांसाठी ही मांडणी सोपी केली ती एलटीएसपीने. अमेरिकेतल्या जिम मॅक्विलन यांनी हा मुक्त प्रकल्प 1999 मध्ये सुरू केला. सुरुवातीला सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालत आणि समोरच्या यंत्रावर फक्त चित्र दिसे. आता सर्व्हर प्रणाली पुरवतो आणि काम त्या त्या यंत्राचा प्रोसेसर करतो, म्हणून सर्व्हरही फार दांडगा लागत नाही. ग्रीसमधल्या शाळांना तांत्रिक मदत करणारे अ‍ॅल्किस जॉर्जोपोलोस यांनी 2019 मध्ये तो नव्याने लिहिला. आपल्याकडे गोव्यातही 2000 नंतरच्या पहिल्या वर्षांत गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून शाळांना दिले होते. जुन्या यंत्रांना कामाला लावण्याची ही धडपड एकट्या मराठवाड्याची नाही.

कसब लागतं ते बिघाड ओळखताना. काळ्या पडद्यावर 'पीएक्सई-ई61' उमटलं तर केबल बघायची. बहुधा ती निघालेली असते किंवा उंदरांनी कुरतडलेली. 'ई51' म्हणजे हाकेला कोणी ओ दिली नाही, डीएचसीपी बंद आहे. 'ई53' म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचं नाव मिळालं नाही. हा शेवटचा दोष शाळेत हमखास दिसतो, कारण इंटरनेटचा राउटरही पत्ते वाटत असतो आणि त्याला बूटच्या फाइलची गंधवार्ता नसते. राउटरशी भांडत बसण्यापेक्षा सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी रीतीने लावायचा. पत्ता राउटरने द्यावा, फाइलचं नाव याने.

दुसरी मेख वेगाची. टीएफटीपी 1981 सालचा, मुळात 512 बाइटांचा एकेक तुकडा पाठवणारा. प्रत्येक तुकड्याची पोच आल्याशिवाय पुढचा निघत नाही. 60 एमबी न्यायचे तर सव्वा लाखाच्या आसपास तुकडे झाले. म्हणून जाणकार टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई हा छोटा प्रोग्रॅम पाठवतात आणि उरलेला माल एचटीटीपीने. स्विचमध्येही काटकसर नडते. सर्व्हरचं पोर्ट 100 एमबीपीएसचं असेल, तर तास सुरू होताना एकदम चालू झालेल्या वीस यंत्रांच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम 0.6 एमबी येतात. गिगाबिट पोर्ट घेतलं की तोच वाटा सहा एमबीच्या वर जातो.

सगळ्यात अवघड अडचण मात्र स्टाफरूममधून येते. प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेल्या असतात आणि लिनक्सवर उघडल्या की अक्षरांची भेळ दिसते. "सर, हे वाचायचं कसं?" या प्रश्नाला सर्व्हरमध्ये उत्तर नाही. नवं लिखाण युनिकोडमध्ये करायची सवय लावावी लागते आणि जुन्या फायलींसाठी ऑफिसातलं एक विंडोजचं यंत्र त्याच्या डिस्कसकट ठेवावं लागतं.

विजेचा प्रश्न सुटत नाही, पण आटोपशीर होतो. वीस यूपीएस घेण्याऐवजी सर्व्हर आणि स्विच एवढेच बॅटरीवर ठेवायचे. लाइट गेली तर मुलांचे पडदे काळे होतात आणि न साठवलेलं काम जातं. पण समोरच्या यंत्रात खराब व्हायला डिस्कच नसते. याची किंमतही आहे. सर्व्हर बसला की अख्खा वर्ग बसतो. म्हणून सर्व्हरला दोन डिस्क जोडीने लावायच्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी चालते. एक जास्तीचा स्विच कपाटात ठेवायचा आणि प्रणालीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यायची. भिंतीवर ई51, ई53 आणि ई61 यांचे अर्थ मराठीत लिहून चिकटवले, की निम्मे फोन कमी होतात.

सगळ्याच शाळांना दुरुस्तीवाला हे सुचवत नाही. खोलीत तीन-चारच संगणक असतील, तर सर्व्हर, स्विच आणि केबलचा खर्च अंगावर येतो. तिथे तो प्रत्येक यंत्रात स्वस्तातली एसएसडी बसवतो, एका यंत्रावरची प्रणाली बाकीच्यांवर उतरवतो आणि अंधार पडायच्या आत परतीला लागतो.