झाला की येईल

नगरच्या माणसाला वाट बघायला शिकवावं लागत नाही. नगर-बीड-परळी रेल्वे 1995-96 साली मंजूर झाली, 261 किलोमीटरची. तिची गाडी आष्टीपर्यंत, म्हणजे जेमतेम 66 किलोमीटर, धावली ती 2022 च्या सप्टेंबरात. बीड गाठायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात दर निवडणुकीत ती रेल्वे भाषणांतून आमच्या दारावरून जायची. त्यामुळे ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ नावाच्या गेमला चौदा वर्षं लागली याचं जगाला जेवढं हसू आलं, तेवढं मला आणि माझ्या भावाला कधी आलं नाही.

ड्यूकशी आमची ओळख झाली ती सावेडीतल्या काकांच्या टायपिंग क्लासमध्ये. पुढच्या खोलीत इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस, मराठी तीस असा दिवसभर खडखडाट. मागच्या खोलीत काकांनी नुकतेच घेतलेले कॉम्प्युटर, त्यांच्यावर शिवलेल्या खोळी, आणि चपला बाहेर. कुण्या विद्यार्थ्याने पुण्याहून ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ आणला. पूर्ण नव्हे, कंपनीने फुकट वाटायला काढलेला पहिला भाग, फ्लॉप्यांवर तुकडे करून. शेवटची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये करकरायला लागली की आम्ही श्वास धरायचो. त्यानंतर साउंड कार्डाचा पत्ता 220, आयआरक्यू 5 नाहीतर 7. हे जमलं नाही तर ड्यूक मुका.

खुर्ची एक, कीबोर्ड एक आणि भावंडं दोन. बाणांची बटणं भावाकडे. कंट्रोल, स्पेस, ए आणि झेड माझ्याकडे. म्हणजे चालायचं त्याने, गोळी झाडायची मी. दार उघडणं, उडी मारणं, वाकणं हेही माझं. तो कठड्यापर्यंत धावत यायचा आणि ओरडायचा, “ताई, उडी!” माझं बोट अर्ध्या क्षणाने मागे राहिलं की दोघं मिळून खाली. त्यावरून झालेली भांडणं आईला शेवटपर्यंत कळली नाहीत; तिला वाटायचं आम्ही एम.एस.-डॉस शिकतोय.

‘डूम’ 1993 सालीच आला होता, त्यामुळे बंदूक धरलेला हात आणि समोर राक्षस यात नवं काही नव्हतं. जानेवारी 1996 मध्ये टेक्सासच्या थ्रीडी रिअल्म्सने काढलेल्या ड्यूकमध्ये नवं होतं ते हे, की गेम लॉस एंजेलिससारख्या खऱ्या गावात घडत होता. कॉलेजच्या वयाच्या केन सिल्व्हरमन या पोराने लिहिलेल्या ‘बिल्ड’ इंजिनावर तो चालायचा. पहिल्याच लेव्हलमध्ये एक सिनेमा थिएटर आहे. त्यात तिकीटबारी आहे, आरशाची मुतारी आहे, आणि वर प्रोजेक्टरची खोली आहे. तिथलं बटण दाबलं की खाली पडद्यावर खरंच सिनेमा सुरू होतो. आशा टॉकीजच्या प्रोजेक्टरच्या खोलीत काय असेल याचं मला लहानपणापासून कुतूहल होतं, तिथे आम्हाला कुणी कधी जाऊ दिलं नव्हतं. इथे मी स्पेस दाबत आत गेले.

खरं तर स्पेसचं बटण हाच माझ्यासाठी तो गेम होता. दिव्याचं बटण दाबा, दिवा जातो. आरशासमोर उभं राहून स्पेस दाबा, ड्यूक स्वतःचीच तारीफ करतो. पुढच्या लेव्हलला बिलियर्डचं टेबल आहे, चेंडू ढकलता येतात. मुतारी आणि फुटलेल्या नळाचं पाणी सोडलं (त्याने थोडी तब्येत सुधारायची), तर यातल्या बहुतेक गोष्टींचा उपयोग शून्य. राक्षस बाहेर ताटकळत आणि आम्ही आत दिवे लावतोय, विझवतोय. भाऊ वैतागायचा, “ताई, चल ना आता!” त्याला बंदुका हव्या होत्या, मला बटणं.

आम्ही रणगाड्यांच्या गावची पोरं. चिलखती दलाचं केंद्र इथलं, 1994 साली रणगाड्यांचं संग्रहालयही झालं. बाबा आम्हाला तिथे घेऊन गेले होते. वाळवंटातून आलेले, युद्धातून आलेले, पकडून आणलेले रणगाडे ओळीने उभे, आणि बाबांचं एकच पालुपद, हात लावू नका. शस्त्रं पुढ्यात असूनही फक्त बघायची, याची सवय होती म्हणूनही असेल, पण जिथे वाट्टेल त्याला हात लावता येतो अशा त्या कचकड्याच्या लॉस एंजेलिसचं मला फार अप्रूप वाटायचं.

पुढचा भाग, म्हणजे ‘फॉरएव्हर’, थ्रीडी रिअल्म्सने एप्रिल 1997 मध्ये जाहीर केला. आधी ‘क्वेक 2’चं इंजिन विकत घेतलं. 1998 च्या मे महिन्यात प्रदर्शनात फिल्म दाखवली, आणि जूनमध्ये सांगितलं की आता ‘अनरिअल’चं इंजिन घेतोय, म्हणजे झालेलं बरंचसं काम पुन्हा. तारीख विचारली की उत्तर ठरलेलं असायचं, झाला की येईल. हे उत्तर देणं त्यांना परवडत होतं, कारण ड्यूक थ्रीडीने भरपूर पैसा मिळवून दिला होता आणि गेम ते स्वतःच्या खिशातून बनवत होते. डोक्यावर सावकार नाही, म्हणून मुदत नाही. निर्माते जॉर्ज ब्रूसार्ड यांना कुठल्याही नव्या गेममध्ये काही चांगलं दिसलं की ते आपल्यातही हवं व्हायचं. बर्फ दिसला, बर्फ घ्या. या सोसातून जगातला कुठलाही चांगला कारागीर सुटलेला नाही, पण बाकीच्यांना कुणीतरी दारात येऊन माल मागत असतं.

‘फॉरएव्हर’ची 2001 ची फिल्म मी सायबर कॅफेत पाहिली, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. कॅफेवाल्याने तासाचे पैसे लावले होते, आणि मी ती दोन-अडीच मिनिटांची फिल्म तासभर बघत बसले. लास वेगास, कॅसिनो, मोटारसायकल, पाण्यातून झेपावणारं काहीतरी. भाऊ लोणीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होता. त्याला फोनवर मी प्रत्येक दृश्य वर्णन करून सांगितलं. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत येईल. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते त्याने सांगितलं नाही.

2004 मध्ये दोन मोठे वारसदार आले. ‘डूम 2’नंतर दहा वर्षांनी ‘डूम 3’ ऑगस्टमध्ये आला. इतका काळोखा, की बॅटरी धरली तर बंदूक धरता येईना. लोकांनी लगेच बंदुकीला चिकटपट्टीने बॅटरी बांधणारी जोडणी स्वतःच करून वाटली. नोव्हेंबरात आलेला ‘हाफ लाइफ 2’ वर्षभर लांबला होता, मधे त्याचा अर्धा माल चोरीला जाऊन इंटरनेटवर फुटलाही होता. तरी तो आला आणि लोकांच्या मनासारखा झाला. मी तो पुण्यात नोकरी लागल्यावर खेळले. त्यातली वस्तू उचलून फेकणारी बंदूक हातात आली तेव्हा मला वाटलं, हे तर माझं स्पेसचं बटण, कुणीतरी मोठं केलंय. आणि ते करणारे ड्यूकवाले नव्हते.

मे 2009 मध्ये पैसे संपले आणि ड्यूकवर काम करणारी मंडळी घरी गेली. मग खटला. मग 2010 च्या सप्टेंबरात गिअरबॉक्स कंपनीने जाहीर केलं की आम्ही तो पूर्ण करतोय. जून 2011 मध्ये तो आला. शनिवारी भाऊ पुण्याला माझ्याकडे आला. खुर्च्या दोन होत्या, पण माउसच्या जमान्यात कीबोर्ड वाटून घेता येत नाही. पाळीपाळीने खेळलो.

सुरुवात मुतारीत होते. ठीक, जुनी ओळख. पुढच्या खोलीत सैनिकांच्या बैठकीचा एक पांढरा फळा आहे, हातात मार्कर येतो आणि ड्यूकला हल्ल्याची योजना काढायची असते. मी माउसने त्यावर थरथरत्या अक्षरांत ‘नगर’ लिहिलं. र ची शेपटी फळ्याबाहेर गेली. सैनिक म्हणाले, योजना उत्तम आहे. इतक्या वर्षांनी मी त्या गेममध्ये मनापासून हसले. लगेच पुढे एक मोठी लढाई, आणि मग कळतं की हा ड्यूक घरी सोफ्यावर बसून स्वतःचाच गेम खेळत होता. त्याला विचारतात, गेम बरा आहे का? तो म्हणतो, बारा वर्षं लागली म्हटल्यावर असायलाच हवा. स्वतःची थट्टा करणाऱ्याला सहसा माफ करतात. मीही केलं असतं.

पण मग गेम सुरू झाला. एका वेळी दोनच बंदुका. ही ‘हेलो’ची पद्धत. आडोशाला थांबलं की तब्येत आपोआप भरून येते, तीही तिकडचीच. वजनं टाकून फळी वर करायची कोडी. ती ‘हाफ लाइफ 2’ची. चौदा वर्षांत ज्याच्या-त्याच्या घरून आणलेलं सामान एकाच खोलीत रचून ठेवलं होतं. मात्र मला खरं खटकलं ते वेगळंच. इथे ड्यूकच्या तब्येतीला ‘ईगो’ म्हणतात, आणि आरशात बघितलं, डंबेल उचललं, पिनबॉल खेळला की पहिल्यांदा त्याची कमाल मर्यादा वाढते. म्हणजे ज्या बटणांना मी शून्य उपयोगापोटी हात लावत होते, त्यांना आता मार्क होते. भावाने ते ओळखलं आणि खोलीत शिरला की तो आधी मार्क गोळा करायचा, नीट, एका टोकाकडून. “ताई, आरसा राहिला गं!” आता चल ना म्हणायची पाळी माझी होती.

मधल्या एका लेव्हलमध्ये राक्षसांच्या घरट्यात अडकवलेल्या बायका आहेत. तो भाग मी भावासमोर खेळू शकले नाही. त्यानेच माझ्या हातातून माउस घेतला आणि काही न बोलता पुढे नेला. 1996 च्या ड्यूकमध्येही बारमध्ये नाचणाऱ्या बाया होत्या, तो काही संतांचा गेम नव्हता. पण तिथे तो चावटपणा होता. इथे सरळ किळस येते, आणि करणाऱ्याला ती येत नाही हे दिसत राहतं.

आवडलं तेही सांगते. ड्यूक बोटाएवढा होतो आणि बर्गरच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात जळत्या शेगड्यांवरून, बशांवरून, पावांवरून उड्या मारत जातो. तिथे कुणाची नक्कल नव्हती आणि मार्कही आठवले नाहीत. असा गेम पूर्ण असता तर आणखी चार वर्षंही चाललं असतं. उशीर झाला म्हणून ड्यूक पडला असं लोक म्हणतात ते मला कधी पटलं नाही. उशीर ‘हाफ लाइफ 2’लाही झाला होता. ड्यूकवाले इतका काळ दुसऱ्यांच्या खिडकीत डोकावत बसले की आपल्या घरातला दिवा कुठल्या बटणाने लागतो ते त्यांना आठवेना.

2022 च्या मे महिन्यात 2001 चं जुनं काम कुणीतरी बाहेर फोडलं. माझी ती फिल्म ज्यातून काढली होती, ते. कॅसिनो होता, जिने होते, शत्रू तुरळक, बऱ्याच लेव्हल अर्धवट. मी त्यात फिरले, दिवे लावून बघितले. काही लागले.

आणि खरा पुढचा भाग त्याच्याही आधी, 2016 मध्ये आला होता, कुणी फारसा गाजावाजा न करता. ‘ड्यूक थ्रीडी’ला वीस वर्षं झाली म्हणून काढलेल्या आवृत्तीत पाचवा भाग घातला होता, आठ नव्या लेव्हलांचा, मूळ लेव्हल बनवणाऱ्या ॲलन ब्लम आणि रिचर्ड ग्रे यांच्याच हातचा. जुनंच इंजिन, बहुतेक जुन्याच बंदुका, सगळ्या एकदम बाळगता येणाऱ्या. मला तो मनापासून आवडला. भावाला नाही. तो सुप्याच्या एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पोराला मोबाइलवर दर महिन्याला नवं काहीतरी येणारे गेम खेळताना बघतो, आणि ‘फॉरएव्हर’च्या बाजूने अजून भांडतो. त्याचं म्हणणं, पाचवा भाग म्हणजे शिळी भाजी परत गरम केलेली. ‘फॉरएव्हर’ने निदान नवी करायचा प्रयत्न केला, करपली हे खरं.

सध्या तो ‘हाफ लाइफ 3’ची वाट बघतोय. 2007 च्या ‘एपिसोड टू’मध्ये गोष्ट ऐन मोक्याला तोडली, आणि 2020 मध्ये आला तो ‘ॲलिक्स’, डोक्यावर चष्मा चढवून खेळायचा, तिसरा भाग नव्हेच. मी विचारलं, समजा आला आणि बरा नसला तर?

“ताई,” तो म्हणाला, “आधी येऊ तर दे.”