खासबागेचें मैदान

कोल्हापुरास जाणारा प्रवासी श्रीमहालक्ष्मीचें दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरून येतो आणि बहुधा तेवढ्यावर समाधान मानतो. देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेलें खासबागेचें कुस्त्यांचें मैदान घरच्या मंडळींस दाखवावें, असें फारच थोड्यांना सुचतें.

इ. स. १९०२ मध्यें शाहू छत्रपति सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृह त्यांनीं पाहिलें, आणि आपल्या पैलवानांसाठींही असें कांहीं असावें, ही कल्पना त्यांच्या मनानें घेतली. १९०७ सालीं काम सुरू होऊन १९१२ सालीं तें पुरें झालें. रोमच्या भिंती व कमानी येथें कोणी शोधूं नयेत. मध्यभागीं मातीचा हौद आणि त्याच्या भोंवतीं उतरती बैठक, एवढाच थाट. परंतु उताराची बेतणी अशी कीं, पुढच्याचें पागोटें मागच्याच्या दृष्टीआड येत नाहीं. पंचवीस-तीस हजार प्रेक्षक मावतात म्हणतात. त्यांतील अगदीं शेवटच्यासही डाव दिसतो. खेड्यांतून भाकरी बांधून आलेल्या कुणब्यास सरदाराइतकेंच स्पष्ट दिसावें, यांत बांधविणाराचा स्वभाव दिसून येतो. वेदोक्त प्रकरणामुळें आपल्यांतील कित्येक घरांत या राजाचें नांव दीर्घकाळ कपाळास आठी घालूनच घेतलें गेलें. येथें घटकाभर बसून तो जुना हिशेब पुन्हां तपासावासा वाटतो.

१९२२ सालीं महाराज वारले. १९४९ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि तालमींचा राजाश्रय संपला. तरी १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपति खंचनाळे कोल्हापुरच्याच मातींत घडले. खरी अडचण पुढेंच आली. जागतिक सामने गादीवर होतात. तांबड्या मातींत ताक, तेल, हळद घालून ती मऊ राखलेली असते. तींत पाय रुततो, कुस्ती लांबते, आणि चितपट झाल्याखेरीज निकाल नाहीं. गादीवर चपळाईचें आणि गुणांचें राज्य. मुलांना तालमींत गादी अवश्य मिळावी. खासबागेचा हौद मात्र मातीचाच असावा, असें माझें मत आहे.

मैदानास लागूनच १९१५ चें नाट्यगृह आहे, केशवराव भोसले यांच्या नांवाचें. एकीकडे नाट्यसंगीत, दुसरीकडे शड्डूचा आवाज, असा हा शेजार. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं तें नाट्यगृह जळालें आणि मैदानाच्या त्या बाजूसही आगीची झळ लागली.

कुस्त्या नसतील अशा दिवशीं सकाळीं जावें, मुलांना सर्वांत वरच्या रांगेंत बसवावें आणि आपण खालीं हौदाजवळ उभें राहावें.