उधारीच्या वहीतला नाताळ

२०२०च्या नोव्हेंबरअखेर रेशनचं मोफत धान्य बंद झालं. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत एप्रिलपासून माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट मिळत होतं. ते थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं ते २०२१च्या मे महिन्यात. मधल्या काळात नेहमीचे २ रुपये किलोचे गहू आणि ३ रुपये किलोचा तांदूळ, तेवढाच आधार उरला. कोरोनातला आमचा पहिला नाताळ नेमका या मधल्या काळात आला.

मी हिंगोलीत राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या वर्षी शाळेपेक्षा गल्ल्याच जास्त पाहिल्या. उन्हाळ्यात मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान बाधित निघाले, तेव्हा सगळ्या गावाच्या पोटात गोळा आला होता. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आशाताईंसोबत आम्हीही घरोघर फिरलो. ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, नोंद करायची. नोंदवहीत भुकेचा रकाना नव्हता. पण दारात पाच मिनिटं उभं राहिलं की चूल पेटली आहे की नाही ते कळतंच.

त्यात काढणीच्या तोंडावर पावसानं सोयाबीन भिजवलं. शेतकऱ्याच्याच हाती काही लागलं नाही, तर मजुराला कोण बोलावणार? दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या. मागे म्हातारी माणसं आणि शाळा बंद म्हणून घरीच असलेली नातवंडं राहिली. गावात बँडवाले, मंडपवाले, शाळेची मुलं नेणारे रिक्षावाले बसून होते. उन्हाळ्यातली लग्नसराई बुडाली ती बुडालीच.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. दोन-तीन नर्सबाई, आम्ही काही शिक्षक, बाकीचे रोजंदारीवर जाणारे. तरी गावात समज असा, की ख्रिस्ती म्हणजे मागे परदेशी पैसा. याला कारणही आहे. शेजारच्या वाशिमला नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी ते सुरू केलं. आमच्याकडच्या जुन्या माणसांना ख्रिस्ती म्हटलं की तो दवाखाना आठवतो. पण त्या जगाशी आमच्या दानपेटीचा काही संबंध नव्हता. शिवाय २०२०च्या सप्टेंबरअखेर परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशातून आलेला निधी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, आणि मोठ्या संस्थांमार्फत लहान गटांपर्यंत येणारा पैसा आटला. आमचं त्यानं काही अडलं नाही, कारण आम्हाला तो कधी मिळालाच नव्हता.

तरी त्या नाताळाला अडचणीतल्या घरांना मदत करायचं आम्ही ठरवलं. मग पैसे आले कुठून? सरकारच्या नियमांतून, असं मी गमतीनं म्हणते. त्या नाताळासाठी राज्य सरकारनं सूचना काढल्या होत्या: चर्चमध्ये जास्तीत जास्त ५० जण, गाणारे १०च्या वर नकोत, साठीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरातच थांबावं. म्हणजे प्रीतिभोजन नाही, कॅरोलची गाडी नाही, संडे स्कूलचं नाटक नाही. दरवर्षी या सगळ्याला लागणारी रक्कम तशीच राहिली. त्यात भर पडली कापणीच्या सणाची. या सणाला लोक शेतातलं, परसातलं जे आणतात त्याचा आमच्यात लिलाव होतो. त्या वर्षी तो मास्क लावून, अंगणात झाला. एका भोपळ्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी वर गेली. तो भोपळा घेणारा स्वतः हमाली करतो.

पैसे जमले, आता यादी. इथे खरी कसोटी होती. आधी मंडळीतले गरीब की आधी गावातले? महिला मंडळातल्या एका मावशींनी ठणकावून सांगितलं, “आपल्यातल्यांना आपण वर्षभर बघतोच. नाताळ गावाचा होऊ द्या.” काही जणांना ते पटलं नाही. आपलेच लोक उपाशी असताना बाहेर कसं वाटायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी यादी एकच करायची ठरलं. नावापुढे जात-धर्म लिहायचा नाही, फक्त घरात खाणारी तोंडं किती आणि कमावते हात किती.

यादीसाठी मी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदार काकांकडे गेले. कोणाचं घर अडचणीत आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्यांनी उधारीची लाल वही पुढे ठेवली आणि म्हणाले, “बाई, पिशवी देऊन काय व्हायलंय? दहा दिवसांत संपंल. वहीवर जुनं राहिलं की माणूस लाजंनं दुकानात यायचंच सोडतंय. मग दुसऱ्या गल्लीत जातंय. तिथं कोण उधार देतंय त्याला?” दुकानासमोरून मान खाली घालून जाणाऱ्यांची नावं त्यांनी सांगितली. त्यांतली काही आमच्या यादीत आलीच नव्हती, कारण त्यांनी कोणाकडे काही मागितलंच नव्हतं.

हे मी बैठकीत सांगितलं, तेव्हा दुसरा वाद चालू होता. पिशवीत एक पत्रिका, निदान एखादं वचन तरी घालावं, असं काहींचं म्हणणं. नाताळची भेट आणि येशूचं नावही नाही? उलट बाजूनं धर्मांतराच्या आरोपाची भीती. ही भीती आजची नाही. १८९३ साली पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून असंच वादळ उठलं, आणि रानडे, भांडारकरांसारखी माणसं सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुलींना घेऊन आल्या. आमची झेप तेवढी नव्हती, पण संशय तोच होता.

पाळकसाहेब बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट काढली. आम्ही ती लहानपणापासून ऐकलेली. जखमी माणसाला उचलणारा परका. साहेब म्हणाले, “त्याच्या जखमा बांधल्या, इथंच आपण थांबतो. पुढचं वाचा. त्यानं सरायवाल्याला पैसे दिले आणि वर सांगितलं, जास्त लागलं तर परत येताना देतो. म्हणजे त्यानं त्या माणसाच्या नावानं खातं उघडलं. त्याचा धर्म विचारला नाही आणि स्वतःचाही सांगितला नाही.” वाद तिथेच मिटला. पत्रिका नाही, फोटो नाही, फलक नाही. निम्म्या पैशांचा शिधा, निम्मे किराण्याच्या वहीत.

शिध्यात ज्वारी, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, मीठ, मिरची, साबण. हळद घालायची का, यावर हसू झालं. हिंगोली-वसमतच्या माणसाला हळद काय द्यायची? तरी घातली. हळद इथे पिकते, पण जिला गुंठाभरही रान नाही तिला तीही विकतच घ्यावी लागते. तेलाचंही तसंच. सोयाबीनच्या मुलखात त्या हिवाळ्यात सोयाबीनचं तेल पावशेर-पावशेर विकत घेतलं जात होतं.

वाटप संध्याकाळी, दिवेलागणीनंतर केलं. रांग लावली नाही, आम्हीच दारोदार गेलो. एका बँडवाल्या दादांनी पिशवी हातात घेतली नाही. आधी विचारलं, “यासाठी रविवारी यावं लागतं का?”

“नाही.”

“मग कशापायी देता?”

“नाताळ आहे म्हणून.”

“आम्ही दिवाळीला देतो तसं?”

“तसंच.”

मग त्यांनी पिशवी घेतली आणि शेजारचं घर दाखवलं. “तिथंबी द्या. म्हातारी एकटीच हाय, पोरगा-सून कारखान्यावर.” ते घर आमच्या यादीत नव्हतं.

सगळंच गोड झालं नाही. “निवडणूक आहे का?” असंही कोणी विचारलं, ग्रामपंचायतींचं मतदान जानेवारीत व्हायचंच होतं. एका घरानं दार लावून घेतलं. एका ताईंनी शिधा नाकारला. पण वहीतली बाकी फिटल्याचं कळल्यावर त्या दुकानात गेल्या आणि रोख देऊन साखर घेतली, असं काकांनी सांगितलं. काकांनीही काही खात्यांवरची थोडी रक्कम स्वतःहून सोडली. कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

नाताळची उपासना ठरलेल्या संख्येतच झाली. म्हाताऱ्यांना मोबाइलवर ऐकवली. माझ्या आईला काही पटेना. इतक्या वर्षांत तिचा एकही नाताळ चर्चबाहेर गेला नव्हता.

यादीचा सर्वांत मोठा उपयोग नाताळनंतर झाला. घरं फिरताना दिसलं, की कितीतरी रेशनकार्डांवर नव्या सुनेचं आणि लहान मुलांचं नावच नाही. धान्य माणशी मिळतं, म्हणजे खाणारी सहा तोंडं आणि धान्य चौघांचं. सुनेचं नाव चढवायला माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला लागतो, मुलांना जन्मदाखला आणि आधार. रोजंदारी बुडवून हे कोण करणार? जानेवारीत आमच्यातल्या तरुण मुलांनी अर्ज भरून दिले, लोकांसोबत तहसीलला गेले. सगळ्यांची कामं झाली नाहीत, पण बऱ्याच जणांची झाली. मे महिन्यात मोफत धान्य पुन्हा सुरू झालं तेव्हा त्या घरांना ते वाढीव माणसांसकट मिळालं. एप्रिलच्या दुसऱ्या लाटेत कोणाच्या दारात आधी जायचं, हेही आम्हाला शोधावं लागलं नाही.

तेव्हापासून मला वाटतं, मदतीत पैसा गोळा करणं सोपं असतं. घर ओळखणं अवघड. मोठ्या संस्थेला ते जमत नाही, गल्लीला जमतं. म्हणून नाताळ असो, ईद असो की दिवाळी, एक विनंती आहे. पिशव्या भरण्याआधी आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराकडे जा आणि दुकानात यायचं कोणी सोडलंय का, एवढं विचारा. जमेल तेवढी बाकी भरा, नाव सांगू नका. आणि सण संपल्यावर त्या घरातल्या माणसासोबत एकदा तहसील कार्यालयात जाऊन या.