साठ आणि सत्तर

१९९६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मी मेक्सिको शहरात उतरलो, तेव्हा माझ्याजवळ एक सुटकेस, अब्बांचे जुने स्वेटर आणि स्पॅनिश भाषेतली सुमारे चाळीस वाक्ये होती. वाक्ये पुस्तकातली होती. 'माझे नाव अमुक आहे', 'स्टेशन कोठे आहे?' अशी. त्यांतले एकही वाक्य दोरा विकण्याच्या उपयोगाचे नव्हते, आणि मला तर दोराच विकायचा होता.

शिवणाचा दोरा तयार करणाऱ्या एका कंपनीने मला विक्री-प्रशिक्षणासाठी निवडले होते. मुदत सहा महिन्यांची. पहिला महिना वर्गात, पुढचे दोन महिने जुन्या विक्रेत्याच्या मागेमागे आणि शेवटचे तीन महिने एकट्याने. ज्याला एकट्याने माल विकता येईल त्याला नोकरी. बाकीच्यांना परतीचे तिकीट. इकडे मालेगावला अब्बा दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करत होते. माझ्या पाठची दोन भावंडे शाळेत शिकत होती. परतीचे तिकीट घेऊन त्यांच्यापुढे उभे राहण्याची कल्पनाही मला सहन होत नव्हती.

खरे सांगायचे तर परक्या भाषेची भीती मला मेक्सिकोत नव्हे, मालेगावातच बसली होती. घरी उर्दू, शाळेतही उर्दू. मराठी कानावर पडे ती बाजारात. आठवीत असताना मी अब्बांबरोबर सुताच्या दुकानात गेलो आणि मोठ्या ऐटीत विचारले, "शेठ, सूत आला का?" दुकानातली सगळी माणसे हसली. उर्दूत लिंगे दोनच. मराठीत हे तिसरे कोठून आले, कोण जाणे! शेठ म्हणाले, "आला नाही, बेटा. सूत आलं." त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तरीही पुढे वर्षभर मी त्या दुकानात तोंड उघडले नाही. तुमच्यापैकी काहींना हे सांगण्याची गरज नाही.

स्पॅनिशमध्येही लिंगे दोनच आहेत हे कळले, तेव्हा मला फार हायसे वाटले.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर वसले आहे. सुरुवातीला जिना चढला तरी धाप लागे. तेथील मेट्रो १९६९ साली सुरू झाली. तिच्या प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही दिलेले आहे, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसाचीही अडचण होत नाही. मेर्सेद बाजाराजवळच्या स्थानकाला फळांच्या पेटीचे चित्र, तर चापुल्तेपेकला नाकतोड्याचे. मी कित्येक दिवस नाव न विचारता केवळ चित्रांच्या आधाराने प्रवास केला. कोणाशी बोलावे लागू नये, एवढीच माझी धडपड असे. पण दुकानांत चित्रे नव्हती. तेथे बोलावेच लागे.

एकट्याने फिरण्याच्या पहिल्याच आठवड्यात मी नोंदवहीत शाईने दहा ऑर्डरी लिहिल्या. मी फार खूश होतो. ज्या दुकानात जावे तेथे गोड स्वागत होई. "आओरीता" असे म्हणून दुकानदार हसत मान हलवी. पुस्तकात 'आओरा' म्हणजे 'आता', म्हणून 'आओरीता' म्हणजे 'अगदी आत्ताच' असा अर्थ मी लावला होता. मेक्सिकोत मात्र आओरीता म्हणजे पाच मिनिटांनी, संध्याकाळी किंवा कधीच नाही, असे काहीही असू शकते. समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणे तेथे फारसे शिष्टाचाराचे मानत नाहीत. दिवसही ओढगस्तीचे होते. १९९४ च्या डिसेंबरात त्यांच्या पेसोची किंमत एकाएकी कोसळली होती. महागाईचे चटके अजून बसत होते. माझ्या दहा ऑर्डरींपैकी एकही खरी ठरली नाही. आमच्या प्रशिक्षकांनी नोंदवही मिटून माझ्या हातात दिली. ते एक शब्दही बोलले नाहीत.

जुन्या शहरात एका वयस्कर बाईंचे शिवणसामानाचे ठोक दुकान होते. सगळे त्यांना सेन्योरा म्हणत. पहिल्या भेटीत मी त्यांना चक्क 'तू' म्हणून बसलो. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखे 'तू' आणि 'आपण' असे दोन प्रकार आहेत: 'तू' आणि 'उस्तेद'. आपल्याकडचा 'तू' ओळखीचा वाटला आणि जिभेवर आला! सेन्योरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण दुकानातून घालवले नाही.

त्यांनी दोऱ्याच्या पेटीचा भाव विचारला. पेटीत बारा रिळे, भाव सत्तर पेसो. मी म्हणालो, "सेसेंता."

"सेसेंता?" त्यांनी पुन्हा विचारले.

"होय, सेसेंता," मी ठासून सांगितले.

त्यांनी तेथल्या तेथे वीस पेट्या मागितल्या. माझी ही पहिली खरी ऑर्डर! दुसऱ्या दिवशी माल पोहोचला, बरोबर १,४०० पेसोंचे बिलही. सेन्योरांनी १,२०० दिले आणि बिल परत पाठवले. सेसेंता म्हणजे साठ. सत्तर म्हणजे सेतेंता. एका अक्षराचा फरक, आणि तो २०० पेसोंना पडला.

"तोंडून निघालेला भाव हाच भाव," प्रशिक्षक म्हणाले. "दोनशे पेसोंचे काय करायचे ते तू ठरव. पण आधी तिच्याकडे जा."

मेट्रोत मी सारा वेळ एकच वाक्य घोकत होतो: "मे एकिवोके", म्हणजे 'माझी चूक झाली'. दुकानात शिरताच ते मी एका दमात म्हणून टाकले. दोनशे पेसो माझ्या विद्यावेतनातून भरीन, असेही मोडक्या भाषेत सांगितले.

"ते तर भरावेच लागतील, होवेन," सेन्योरा म्हणाल्या. होवेन म्हणजे तरुण माणूस. मग त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि साठपासून एकोणऐंशीपर्यंत आकडे मोठ्याने म्हणायला लावले. कामावरच्या दोन मुली माझ्याबरोबर म्हणू लागल्या. एक गिऱ्हाईकही त्यात सामील झाले. मी चुकलो की सगळे हसत. मीही हसलो. सुताच्या दुकानात असे हसायला मला कोणी अडवले होते, देव जाणे.

त्यानंतर मी दर गुरुवारी तेथे जाऊ लागलो. माल खपो न खपो, अर्धा तास बसायचे. सेन्योरा एकेक वस्तू उचलून नाव सांगत. सुई आगूहा, दोरा ईलो. सदऱ्याला त्या 'कामीसा' म्हणाल्या, तेव्हा मी चमकलो. ही तर आपली कमीज! साबणाला हाबोन, साखरेला असूकार. आपल्या संस्कृत शर्करेपासून निघालेला शब्द इराण, अरबस्तान आणि स्पेन करत मेक्सिकोपर्यंत पोहोचला होता. 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपण महिन्याअखेरीस घेतो तो पगार हा त्याचाच भाऊ, पोर्तुगीजांच्या हातून मराठीत आलेला. मी चाळीस वाक्ये घेऊन आलो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात बरेच शब्द माझ्या आधीच तेथे जाऊन बसले होते.

प्रशिक्षण संपायला महिना उरला असताना मी सेन्योरांना विचारले, "आणखी वीस पेट्या पाठवू का? भाव सेतेंता." शेवटचा शब्द मी फार सावकाश उच्चारला.

त्यांनी कपाटाकडे पाहिले, गल्ला पाहिला आणि म्हणाल्या, "ओहाला."

हा शब्द मी पूर्वीही ऐकला होता, पण अर्थ विचारला नव्हता. "देवाची इच्छा असेल तर," त्यांनी समजावले. शब्दाचे मूळ मात्र त्यांना ठाऊक नव्हते. स्पेनमध्ये इसवी सन ७११ पासून १४९२ पर्यंत अरबी बोलणाऱ्यांची राज्ये होती. त्या काळात स्पॅनिशमध्ये रुजलेल्या असंख्य अरबी शब्दांपैकी हा एक. त्यातला 'ला' म्हणजे अल्ला. मी म्हणालो, "आमच्या घरी इन्शाअल्ला म्हणतात." त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. दोन्ही वेळा चुकला. मी दुरुस्त केला.

आमच्या अम्मीही उधारी मागायला येणाऱ्याला असेच उत्तर देत. त्याचा अर्थ 'हो' नसतो, 'नाही'ही नसतो. हात तंगीत आहे, पण मनात आहे, एवढाच असतो. मी नोंदवही काढली. शाईचे पेन खिशात परत ठेवले आणि पेन्सिलीने लिहिले: वीस पेट्या, सत्तर.

तीन आठवड्यांनी सेन्योरांचा निरोप आला. त्या रात्री मी ती ओळ शाईने गिरवली.